एक कायदा, दोन खाती

३ मार्च १९२४ रोजी अंकाऱ्याच्या राष्ट्रसभेने ओळीने तीन कायदे मंजूर केले. त्यांतला ४३१ क्रमांकाचा कायदा जगभर गाजला. त्याने खिलाफत बरखास्त केली, आणि शेवटचा खलिफा अब्दुलमजीद याला रातोरात इस्तंबूलच्या दोल्माबाहचे राजवाड्यातून काढून युरोपकडे जाणाऱ्या आगगाडीत बसवण्यात आले. ४३० क्रमांकाच्या कायद्याने देशातल्या सगळ्या शाळा, मदरशांसकट, शिक्षणखात्याच्या ताब्यात गेल्या. या दोघांच्या आधीचा, ४२९ क्रमांकाचा कायदा मात्र फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही. त्याने मंत्रिमंडळातली दोन खाती बंद केली : शरियत आणि वक्फ यांचे खाते, आणि सेनेच्या जनरल स्टाफचे खाते. धर्माचा कारभार पाहणारा मंत्री आणि सेनेचा प्रमुख असल्याच्या नात्याने मंत्रिमंडळात बसणारा मंत्री, दोघेही एकाच दिवशी एकाच कायद्याने बाहेर पडले. मुस्तफा केमालने उभारलेल्या प्रजासत्ताकाचा आराखडा टोपीच्या किंवा लिपीच्या कायद्यापेक्षा या दुर्लक्षित कायद्यात अधिक स्पष्ट दिसतो, असे माझे म्हणणे आहे. राज्य करण्याचा अधिकार निवडून आलेल्या सभेचा असेल, तर मुल्ला आणि सेनापती या दोघांनाही सभेच्या उंबरठ्याबाहेर राहावे लागेल, हे त्याला कळले होते. पण दोन्ही खाती बंद करताना त्यांच्या मागची ताकद त्याने मोडली नाही. ती उचलून आपल्या हाताशी ठेवली. त्या प्रजासत्ताकाचे यश पहिल्या गोष्टीत आहे आणि त्याची पुढची बरीचशी दुखणी दुसऱ्या गोष्टीत.

केमाल पाशाचे जे चित्र आपल्याकडे रूढ आहे, त्यात आधी एक शूर सेनापती दिसतो आणि मग एकाएकी एक सुधारक. गॅलिपोलीत इंग्रजांना रोखणारा, ग्रीकांना समुद्रापर्यंत मागे रेटणारा, आणि लढाई संपताच तीच तलवार रूढींवर चालवणारा, असा तो एक सलग पराक्रम वाटतो. सुधारणा म्हणजे दुसऱ्या मार्गाने केलेली लढाई, असे त्याच्या भक्तांना वाटते; आणि प्रजासत्ताक म्हणजे बंदुकीच्या धाकाने लादलेली नास्तिकता, असे त्याच्या विरोधकांना वाटते. गंमत अशी की दोघांनाही त्याच्यात सैनिकच दिसतो. सैनिकाने राज्य करू नये, ही त्याच्या आयुष्यातली सर्वांत जुनी राजकीय भूमिका होती, ही गोष्ट त्यात हरवते.

ती भूमिका पुस्तकातून आलेली नव्हती. १८८१ साली सेलानिकमध्ये, म्हणजे आज ग्रीसमध्ये असलेल्या थेसालोनिकीत, जन्मलेला हा मुलगा मोनास्तिरच्या लष्करी शाळेतून इस्तंबूलच्या युद्धविद्यालयात गेला आणि १९०५ साली स्टाफ कॅप्टन होऊन बाहेर पडला. त्याच्या पिढीतल्या बहुतेक हुशार अधिकाऱ्यांप्रमाणे तोही सुलतान अब्दुलहमीदच्या राजवटीविरुद्धच्या गुप्त मंडळांत होता. १९०८ मध्ये तरुण तुर्कांनी क्रांती करून सुलतानाला राज्यघटना परत आणायला लावली, ती लष्करी छावण्यांच्या जोरावर. पण पुढच्याच वर्षी, त्यांच्या पक्षाच्या अधिवेशनात, केमालने स्वतःच्या सोबत्यांना न आवडणारी गोष्ट सांगितली : अधिकाऱ्यांनी एक तर पक्षात राहावे, नाही तर सेनेत, दोन्हीकडे पाय ठेवले तर सेनाही बिघडेल आणि पक्षही. कोणी ऐकले नाही, आणि त्याची किंमत लवकरच मोजावी लागली. १९१२ साली बाल्कन युद्ध पेटले तेव्हा उस्मानी सेनेचे अधिकारी पक्षाचे आणि पक्षविरोधी अशा दोन गटांत फाटलेले होते. काही आठवड्यांत युरोपातला जवळजवळ सगळा मुलूख गेला. नोव्हेंबर १९१२ मध्ये सेलानिकही गेले, आणि केमालचे जन्मगाव कायमचे परदेशात राहिले. त्यानंतर दोनच महिन्यांनी तरुण तुर्कांचा पुढारी एन्वर याने काही अधिकाऱ्यांसह सरकारी कचेरीत घुसून सत्ता बळकावली. त्या गोळीबारात खुद्द युद्धमंत्री मारला गेला. ज्या मंडळींनी राज्यघटनेसाठी शस्त्र उचलले होते, त्यांनी पाच वर्षांत राज्यघटनेवरच शस्त्र रोखले, आणि पुढच्या वर्षी त्याच मूठभर लोकांनी साम्राज्याला महायुद्धात ओढले. सैनिकाच्या हातात सत्ता गेली की शेवटी सैन्यच हरते, हा धडा केमालने असा अंगावर घेतला होता.

महायुद्धाने त्याला नाव दिले. २५ एप्रिल १९१५ रोजी गॅलिपोलीत आरीबुर्नूला उतरलेल्या फौजांना त्याच्या १९व्या डिव्हिजनने थोपवले, ऑगस्टमध्ये अनाफार्तालारची लढाई त्याने जिंकली, १९१६ मध्ये पूर्वेकडे रशियनांकडून मुश आणि बितलिस परत घेतले. ऑक्टोबर १९१८ मध्ये युद्धबंदी झाली तेव्हा हरलेल्या साम्राज्याचा न हरलेला सेनापती अशी त्याची ओळख होती. ही कीर्ती गाठीला बांधून तो १९ मे १९१९ रोजी सामसुनला उतरला, तेव्हा त्याच्या हाती सुलतानाने दिलेले सेना-निरीक्षकाचे पद होते. इथे त्याने केलेली निवड लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे. इस्तंबूलहून परत येण्याचे हुकूम येऊ लागल्यावर जुलैच्या ८ तारखेला त्याने सेनेचा राजीनामा दिला. हाती फौज नाही, पद नाही, अंगावर गणवेश नाही, अशा अवस्थेत तो एर्झुरुमच्या परिषदेत एक प्रतिनिधी म्हणून बसला. पूर्वेकडच्या एकमेव धडधाकट तुकडीचा सेनापती काझिम काराबेकिर याला केमालला पकडण्याचा हुकूम आला होता. त्याने तो पाळला नाही. म्हणजे सेना त्याच्या पाठीशी होतीच. पण अधिकार कुठून आणायचा, या प्रश्नाला त्याने हुकूमनाम्याचे उत्तर न देता परिषदेचे उत्तर दिले. एर्झुरुम, मग सिवास, आणि २३ एप्रिल १९२० पासून अंकाऱ्याची राष्ट्रसभा. एन्वरने १९१३ मध्ये जे केले, ते १९१९ मध्ये करण्याची संधी केमालला होती. ती त्याने घेतली नाही.

धर्माच्या बाबतीत मात्र सुरुवात अगदी उलटी दिसते. राष्ट्रसभा भरली तो शुक्रवार होता. प्रतिनिधी आधी हाजी बायराम मशिदीत नमाजाला गेले, मग मिरवणुकीने सभागृहात आले. सभेत फेटेवाल्या होजांची संख्या मोठी होती. हे केवळ सभ्यतेखातर चाललेले नव्हते. त्याच महिन्यात इस्तंबूलचा शेखुल इस्लाम, म्हणजे साम्राज्याचा सर्वोच्च धर्माधिकारी, दुर्रीझादे याने फतवा काढला होता की अंकाऱ्याचे लोक बंडखोर असून त्यांना मारणे धर्मसंमत आहे. त्या फतव्याच्या प्रती विमानांतून गावोगाव टाकण्यात आल्या, आणि आनातोलियात ठिकठिकाणी खलिफाच्या नावाने उठाव झाले. अंकाऱ्याचा मुफ्ती रिफत एफेंदी याने प्रतिफतवा लिहिला : खलिफा परक्यांच्या कैदेत आहे, म्हणून त्याच्या नावाने निघालेला फतवा पाळणे बंधनकारक नाही. आनातोलियातल्या अनेक मुफ्तींनी त्यावर सह्या केल्या. म्हणजे राष्ट्रीय चळवळीची पहिली लढाई ग्रीकांशी झालीच नाही. ती फतव्याशी फतव्याची झाली. ज्याच्याकडे शेखुल इस्लामचा शिक्का, त्याला हवा तो माणूस काफर ठरवता येतो आणि परक्या सत्तेला हे शस्त्र सहज भाड्याने मिळते, हे त्या वसंतात सिद्ध झाले. खिलाफत चार वर्षांनी गेली. तिच्या जाण्याचे कारण पाहायचे असेल, तर पॅरिसच्या तत्त्वज्ञांपेक्षा १९२० सालचा हा फतवा पाहावा.

युद्धाच्या ऐन धुमश्चक्रीतही सभा केवळ शोभेची नव्हती. १९२१ च्या उन्हाळ्यात ग्रीक फौज अंकाऱ्याच्या दिशेने सरकत होती. तेव्हाही सरसेनापतीचे पद आणि सभेचे अधिकार वापरण्याची मुभा केमालला मागून घ्यावी लागली, आणि सभेने ती दिली तीन महिन्यांपुरती. त्या अधिकारात त्याने काढलेले हुकूम कठोर होते. प्रत्येक घराने एक जोड कपडे, मोजे आणि पायताण द्यावे. व्यापाऱ्यांनी कापड, चामडे, पीठ, साबण, मेणबत्त्या यांच्या साठ्यातला चाळीस टक्के भाग नंतर पैसे मिळण्याच्या बोलीवर सेनेला द्यावा. याच सामानावर साकार्या नदीकाठी बावीस दिवसांची लढाई लढली गेली आणि ग्रीक मागे फिरले. विजयानंतर सभेने त्याला मार्शलचा हुद्दा आणि गाझी ही पदवी दिली. धर्मयोद्ध्याची ही पदवी त्याने आनंदाने घेतली, हे विसरून चालणार नाही. पण त्याच सभेत १९२२ च्या मे महिन्यात सरसेनापतीच्या अधिकारांना मुदतवाढ देण्यावरून वादळ झाले आणि सुरुवातीला ती नाकारलीही गेली. शत्रू दाराशी असताना सेनापतीकडून हिशेब मागणारी ही सभा साम्राज्याच्या इतिहासात नवी होती.

खिलाफतीच्या प्रकरणात मुंबई येते आणि पुणेही. आपल्याकडची ‘पूना डिव्हिजन’, जिच्यात मराठा पलटणी होत्या, एप्रिल १९१६ मध्ये कुतच्या वेढ्यात तुर्कांना शरण गेली. त्याला तीन वर्षे होतात न होतात तोच मुंबईत शेठ छोटानींच्या पुढाकाराने खिलाफत समिती उभी राहिली. गांधीजींनी या प्रश्नाला असहकाराच्या चळवळीत स्थान दिले, आणि हिंदी मुसलमानांनी गोळा केलेला पैसा अंकाऱ्याला गेला. त्यातला काही भाग पुढे केमालने स्थापन केलेल्या इश बँकेच्या भांडवलात पडला. लोकांनी खलिफा वाचवायला पैसे दिले आणि त्यातून एका इहवादी प्रजासत्ताकाची बँक निघाली. नोव्हेंबर १९२३ मध्ये आगा खान आणि सय्यद अमीर अली यांनी लंडनहून पंतप्रधान इस्मत पाशाला पत्र लिहिले, की खलिफाचा मान राखावा. पुण्याचा आगा खान पॅलेस ज्यांच्या नावाने ओळखला जातो तेच हे आगा खान. पत्र सरकारच्या हाती पडण्याआधीच इस्तंबूलच्या वर्तमानपत्रांत छापून आले, आणि अंकाऱ्यात संताप उसळला : ब्रिटिशांच्या छत्राखाली वावरणारे, स्वतः सुन्नीही नसलेले दोन गृहस्थ आमच्या राज्यात कोणी कुठे बसावे हे सांगणार? संपादकांवर खटले भरले गेले, ते सुटले. पण खलिफाच्या पदाभोवती देशाबाहेरून निष्ठा गोळा होतात आणि त्या निष्ठांना इस्तंबूलमधले विरोधक चिकटतात, याचा पुरावा सरकारला आयता मिळाला. तीन-साडेतीन महिन्यांत खिलाफत गेली. खलिफाच्या मदतीला धावलेल्या पत्राने त्याचाच शेवट जवळ आणला.

आता ४२९ क्रमांकाच्या कायद्याकडे परत येऊ. धर्मखाते बंद झाले म्हणजे काय झाले? मशिदी, इमाम आणि मुफ्ती यांचा कारभार दियानेत नावाच्या नव्या कार्यालयाकडे गेला, आणि ते कार्यालय पंतप्रधानांच्या कचेरीला जोडले गेले. त्याचा पहिला प्रमुख कोण? १९२० साली प्रतिफतवा लिहिणारा अंकाऱ्याचा मुफ्ती रिफत. पुढे १९४१ मध्ये मरेपर्यंत तोच त्या जागेवर होता. जनरल स्टाफचे खाते बंद झाले, तेव्हा सेनेचा प्रमुख मंत्रिमंडळातून गेला, पण मंत्र्याच्या हाताखाली गेला नाही. संरक्षणमंत्र्याकडे पुरवठा आणि खर्च राहिला. सेनाप्रमुख राष्ट्राध्यक्षांच्या वतीने, आपल्या कामात स्वतंत्र, असा वेगळाच उभा राहिला. ती खुर्ची केमालचा विश्वासू सहकारी मार्शल फेव्झी चाकमाक याच्याकडे १९४४ पर्यंत राहिली. दोन्ही खात्यांच्या बाबतीत व्यवहार सारखाच आहे. मंत्रिमंडळात त्यांना आवाज नाही, म्हणून ती राजकारण करू शकत नाहीत. सभेला त्यांच्या कारभारात हात घालता येत नाही, म्हणून तिला त्यांचा हिशेब नीट मागता येत नाही. मधला दुवा एकच, शिखरावर बसलेला माणूस. तो केमाल आहे तोवर इमाम मिंबरवर राज्याविरुद्ध बोलणार नाही आणि सेनापती छावणीतून सरकार पाडणार नाही. खरोखर, त्याच्या हयातीत यांतले काहीच घडले नाही. पण ही व्यवस्था त्याच्या आयुष्याइतकीच टिकाऊ होती.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. सैनिकांना राजकारणातून दूर ठेवण्याची ही सगळी भाषा म्हणजे प्रतिस्पर्ध्यांचा काटा काढण्याची युक्ती नव्हती काय? १९२४ च्या शरद ऋतूत केमालने आमदारकी आणि सेनापतिपद या दोन्ही जागा अडवून बसलेल्या पाशांना एक निवडायला सांगितले. काराबेकिर आणि अली फुआत यांनी सेना सोडली, आणि १७ नोव्हेंबरला प्रगतिशील प्रजासत्ताक पक्ष काढला. त्यांच्या जाहीरनाम्यात धार्मिक श्रद्धांचा आदर हे एक कलम होते. फेब्रुवारी १९२५ मध्ये पूर्वेकडे शेख सैदचे कुर्दी बंड झाले, मार्चमध्ये सुव्यवस्थेचा विशेष कायदा आला, आणि ५ जूनला त्या पक्षाला टाळे लागले. पुढच्या वर्षी इझमीरमध्ये केमालच्या खुनाचा कट उघड झाला. एर्झुरुमला ज्याने त्याला अटक करण्याचे नाकारले होते, त्या काराबेकिरलाच पिंजऱ्यात उभे राहावे लागले. तो सुटला; इतर अनेक फासावर गेले. हे सगळे खरे आहे, आणि आक्षेपाचा अर्धा भाग मला मान्य आहे : तत्त्वाचा फायदा तत्त्व मांडणाऱ्याला झाला. पण तेवढ्याने तत्त्व खोटे ठरत नाही. १९०९ मध्ये, जेव्हा तो साधा स्टाफ अधिकारी होता आणि त्यातून त्याला काहीच मिळणार नव्हते, तेव्हाही त्याने हेच सांगितले होते. आणि पंधरा वर्षांच्या त्याच्या राष्ट्राध्यक्षपदात एकही कायदा सेनेच्या हुकमाने झाला नाही. प्रत्येक कायदा सभेच्या मतदानातून गेला. मतदान एकपक्षी होते, भीतीही होती. पण अधिकाराचे मूळ छावणीत आहे असे त्याने कधी कायद्यात येऊ दिले नाही. दोष वेगळ्या ठिकाणी आहे. सेनापतींना राजकारणाबाहेर काढल्यावर त्यांनी नागरिक म्हणून मांडलेले राजकारणही त्याने चालू दिले नाही. १९३० मध्ये त्याच्याच सांगण्यावरून मित्र फेतीने काढलेला दुसरा विरोधी पक्षही तीन महिन्यांत गुंडाळला गेला.

दुसरा आक्षेप असा की ही इहवादी व्यवस्था फ्रान्समधून आणलेले रोप होते आणि म्हणून ते या मातीत रुजले नाही. शब्द फ्रेंच होता, यात शंका नाही. ‘लाइक’ हा तुर्की शब्द तिथूनच आला. पण व्यवस्था बरीचशी उस्मानी होती. शेखुल इस्लामला नेमणारा आणि काढणारा सुलतानच असे. मुल्लांचे पगार, दर्जे, बढत्या सगळे सरकारदरबारी ठरत असे. १८३९ पासूनच्या सुधारणांनी शरियतच्या शेजारी सरकारी न्यायालये आणि नवे कायदे उभे केले होते. १९१६ मध्ये तरुण तुर्कांच्या सरकारने शेखुल इस्लामला मंत्रिमंडळातून बाहेर काढण्याचा निर्णय घेतला, १९१७ मध्ये शरियत न्यायालये न्यायखात्याकडे सोपवली. महायुद्धातल्या पराभवानंतर हे सगळे मागे फिरवले गेले. केमालने ते पुन्हा पुढे नेले. म्हणजे रोप परके नव्हते. उलट ते या मातीतले असल्यामुळेच त्यात जुना गुण आणि जुना दोष दोन्ही उतरले. राज्याने धर्मापासून हात काढून घेण्याची फ्रेंच कल्पना अंकाऱ्याने कधी स्वीकारलीच नाही. धर्म राज्याच्या मुठीत असावा, ही इस्तंबूलची जुनी सवय मात्र सोडली नाही.

मराठीत ‘सेक्युलर’साठी दोन शब्द चालतात, धर्मनिरपेक्ष आणि इहवादी, आणि या दोघांतला फरक तुर्कस्तानच्या बाबतीत अगदी उपयोगी पडतो. केमालचे राज्य इहवादी होते. १९२६ मध्ये त्याने स्वित्झर्लंडच्या धर्तीवर नागरी संहिता आणली, बहुपत्नीत्व बेकायदा झाले, घटस्फोट आणि वारसा यांत स्त्रीला पुरुषाच्या बरोबरीने उभे केले. १९२८ मध्ये इस्लाम हा राज्याचा धर्म हे वाक्य राज्यघटनेतून निघाले, १९३४ मध्ये स्त्रियांना संसदेसाठी मत मिळाले, १९३७ मध्ये ‘लाइक’ हा शब्द राज्यघटनेत आला. कायद्याचा आधार परलोकात नाही, तो इथल्या माणसांत आहे, हे त्याने ठामपणे मांडले. पण राज्य धर्मनिरपेक्ष नव्हते, म्हणजे धर्माबाबत त्रयस्थ नव्हते. १९२५ मध्ये दरवेशांचे मठ आणि दर्गे बंद झाले, १९३२ पासून अजान अरबीऐवजी तुर्कीत देण्याची सक्ती आली. इमामाचा पगार सरकारचा, म्हणून अजान कोणत्या भाषेत द्यायची हेही सरकारने ठरवायचे. आणि हे सरकारी धर्मकार्यालय फक्त सुन्नी परंपरेचे होते. सुन्नी नसलेले लाखो अलेवी मुसलमान त्याच कराच्या पैशातून चालणाऱ्या मशिदींकडे बाहेरून पाहत राहिले.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे, आणि त्याला पुरते उत्तर नाही. या इहवादी राष्ट्राचा नागरिक कोण, हे ठरवताना धर्मच मोजला गेला. १९१५ पासूनच्या वंशसंहारात आनातोलियातले आर्मेनियन संपवले गेले. केमाल तेव्हा गॅलिपोलीच्या आघाडीवर होता, त्याचा त्यात हात नव्हता. पण ज्यांचा होता त्यांतले काही पुढे त्याच्या प्रजासत्ताकात अधिकारपदावर बसले. लोझानच्या शांतता-वाटाघाटींत, जानेवारी १९२३ मध्ये, ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी लोकसंख्येच्या सक्तीच्या अदलाबदलीचा करार केला. सुमारे बारा लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसला आणि चार लाखांच्या आसपास मुसलमान तुर्कस्तानला. निकष भाषेचा नव्हता. तुर्कीखेरीज दुसरी भाषा न येणारे कारामानचे ख्रिस्ती ‘ग्रीक’ ठरले, आणि घरात ग्रीक बोलणारे क्रीटचे मुसलमान ‘तुर्क’ ठरले. केमालच्या सेलानिकमधले मुसलमानही असेच बोटीत बसून आले. म्हणजे राज्यातून धर्म बाहेर काढण्याआधी राज्याने धर्माच्या चाळणीतून माणसे निवडून घेतली होती. नंतर जे उरले त्यांना भाषेच्या चाळणीतून काढणे सुरू झाले, आणि १९३७-३८ मध्ये देर्सिममध्ये त्याच राज्याच्या सेनेने हजारो कुर्दी अलेवींना मारले. जवळजवळ संपूर्ण मुसलमान देशात इहवाद आणणे सोपे गेले, कारण इतर धर्मीयांना न्याय देण्याचा प्रश्नच जवळपास उरला नव्हता. या प्रजासत्ताकाचे कौतुक करणाऱ्याने ही नोंद वहीत ठेवली पाहिजे. आणि माझ्या मुद्द्याशी तिचा संबंध आहे : जे राज्य धर्मखाते आपल्या हाताशी ठेवते, त्याला माणसाच्या धर्माची मोजदाद करणे कधी सोडवत नाही.

१० नोव्हेंबर १९३८ रोजी केमाल गेला, त्याच दोल्माबाहचे राजवाड्यात जिथून खलिफाला काढले होते. दोन्ही खात्यांवरचा हात उचलला गेल्यावर काय झाले हे मग क्रमाने दिसू लागते. १९५० मध्ये मेंदेरेसचा पक्ष निवडून आला आणि जूनमध्ये अजान पुन्हा अरबीत घुमू लागली. १९६० मध्ये सेनेने मेंदेरेसला उलथले आणि पुढच्या वर्षी फाशी दिले, अतातुर्कच्या, म्हणजे केमालच्याच, नावाने. १९७१ आणि १९८० मध्ये सेना पुन्हा आली, पुन्हा त्याच नावाने. ज्याने १९०९ मध्ये अधिकाऱ्यांना एक जागा निवडायला सांगितली, त्याच्या तसबिरीखाली अधिकारी दोन्ही जागांवर बसले. आणि १९८० च्या सेनापतींनी १९८२ च्या राज्यघटनेत शाळांमध्ये धर्माचा तास सक्तीचा केला. डावे आणि कम्युनिस्ट यांना आवर घालायला धर्म कामी येईल, असा त्यांचा हिशेब होता. तलवार आणि फेटा यांना मंत्रिमंडळाबाहेर काढणाऱ्या कायद्याने त्यांच्यात भांडण लावले आहे, असे वरून दिसत होते. पण दोन्ही एकाच मालकाच्या घरात वाढलेले असल्यामुळे गरज पडली की ते एकत्रही येत. २०१८ मध्ये नवी अध्यक्षीय पद्धत आली. तेव्हा जनरल स्टाफ संरक्षणमंत्र्याच्या हाताखाली गेला, आणि दियानेत राष्ट्राध्यक्षाच्या. दोन्ही खात्यांचे पत्ते बदलायला राष्ट्राध्यक्षाचा आदेश पुरला.

केमालच्या सुधारणांपैकी काय टिकले आणि काय नाही, हे तपासले तर एक रेघ स्वच्छ दिसते. लिपी टिकली, नागरी संहिता टिकली, स्त्रियांचे मत टिकले, आडनावे टिकली. या गोष्टी नागरिकांच्या हातात गेल्या होत्या. बापाने मुलीला नव्या अक्षरांत पत्र लिहिले, विधवेने न्यायालयात बरोबरीचा वाटा मागितला, आणि मग त्या कुणाच्या मेहेरबानीवर राहिल्या नाहीत. तुर्की अजान अठरा वर्षांत गेली. मंत्रिमंडळाच्या एका ठरावाने १९३४ मध्ये संग्रहालय झालेली आयासोफिया २०२० मध्ये न्यायालयाच्या निकालामागोमाग आलेल्या एका आदेशाने पुन्हा मशीद झाली. जे वरून एका कचेरीने केले होते ते वरूनच एका कचेरीने फिरवले. २४ जुलै २०२० रोजी तिथे झालेल्या पहिल्या शुक्रवारच्या नमाजात दियानेतचा प्रमुख, म्हणजे रिफत एफेंदीच्या खुर्चीवर बसणारा माणूस, जिंकून घेतलेल्या मशिदींतल्या जुन्या प्रथेनुसार हातात तलवार घेऊन मिंबरवर चढला. ४२९ क्रमांकाच्या कायद्याने फेटा आणि तलवार एकाच दिवशी सभेबाहेर काढली होती. त्या दोघांना सभेला उत्तर द्यायला लावणारा दुसरा कायदा मात्र अंकाऱ्याने तेव्हा केला नाही.